दुसरा फोटो

बॅलीडरीन, आयर्लंड
रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

आदरणीय बाबा व आई यांस,
धर्मेंद्रचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्रास कारण की, आईशी दर रविवारी फोनवर बोलणं होतं, पण त्यात तुमच्या वाट्याला काहीच येत नाही. आई फोन तुमच्या कानाला लावते, तुम्ही हो हो म्हणता आणि मग तिलाच विचारता की पोरगा काय म्हणे. कान गेले तरी डोळे शाबूत आहेत, बाबांना पत्र लिही, असं ज्योत्स्नाताईनं मला दटावलं. तिचं ऐकलं नाही तर ती मला पुन्हा चौथीत बसवील, म्हणून लिहायला बसलो. तसंही चौथीत असताना साक्षरता वर्गाच्या पाटीवर तुमच्याकडून मीच अक्षरं गिरवून घेतली होती. आता माझ्या चुका तुम्ही काढा.

इकडे सगळं ठीक आहे. नोकरी बरी चालली आहे. डोलन साहेबांच्या डेअरी फार्मवर असिस्टंट मॅनेजर म्हणजे काम कागदाचं जास्त, गाईंचं कमी. गाव म्हणाल तर चर्च, एक दुकान, एक दारूचं दुकान आणि एक मोठं मैदान. बाकी नुसती हिरवी शेतं आणि पाऊस. आपल्याकडे पाऊस पडतो, इथं तो राहायलाच आहे. रस्ते इतके अरुंद की मधोमध गवत उगवलेलं. समोरून गाडी आली की चालवणारा स्टीअरिंगवरचं एक बोट उचलतो. पहिले आठ दिवस मला वाटलं हा माणूस माझ्यावर रागावला आहे. नंतर कळलं की तो त्यांचा नमस्कार. ओळख असो वा नसो, बोट उचलायचं. दिवसभरात माझ्याशी होणारं बोलणं कधीकधी तेवढंच असतं.

दुसरं नवल म्हणजे इथं प्रत्येक गाईला पासपोर्ट आहे. माझ्यासारखाच, नंबर आणि जन्मतारखेसकट. तिसरं नवल आईला सांगा: रोज ठरलेल्या वेळी रेडिओवर आसपास कोण वारलं त्यांची नावं वाचतात, मातीची वेळ सांगतात. तेवढा वेळ दुकानातलं बोलणंसुद्धा थांबतं. मग सारा गाव जातो, मेलेल्याला ओळखत नसले तरी. मीही दोनदा जाऊन चहा पिऊन आलो.

खेळाचं तर विचारू नका. हर्लिंग नावाचा खेळ आहे, हॉकी आणि मारामारी यांच्यामधला. मैदानावर म्हाताऱ्या बायका पोरांना अशा शिव्या घालतात की आपल्या यात्रेतल्या कुस्त्या आठवाव्यात. पण खरं नवल मागच्या रविवारी पाहिलं, आणि ते तुमच्याशिवाय कोणाला सांगायचं? इथं नांगरणीचा खेळ असतो. होय बाबा, नांगरणीचा. शेताचे आखून तुकडे करतात, प्रत्येकाला नंबर देतात. कोणी ट्रॅक्टरनं, कोणी दोन घोड्यांना जुंपून नांगरतो. नांगरानं पाडलेलं पहिलं तास किती सरळ, माती कशी उलटली, खोली सारखी आहे का, याला मार्क. पंच गुडघ्यावर बसून तासात हात घालतात. म्हातारे लोक डोक्यावरची टोपी काढून काठाकाठानं चालतात. नंबर आला की कप देतात, पेपरात नाव छापतात. मी चिखलात तीन तास उभा होतो आणि मला सारखं वाटत होतं की हे सगळं एकाच माणसानं पाहायला हवं होतं.

आईला सांगा की मी वेळेवर जेवतो. लोभ आहे, तो आटू देऊ नये.

तुमचा,
धर्मेंद्र


अंजनगाव सुर्जी
१० नोव्हेंबर २०२४

चि. धर्मेंद्र यास मोतीरामचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझे पत्र पोचले. मी दोनदा वाचले, तुझ्या आईले एकदा वाचून दाखवले. मी लेखी भाषेत लिहाले बसतो आन् हात वऱ्हाडीवर जाते, तू समजून घे. तूच मास्तर होता, तवा चूक तुझ्याच शिकवण्याची.

तुझी आई म्हणते की मेल्यावर रेडिओवर नाव घेतात त जितेपणी काऊन घेत नाही. मी म्हटलं माहीत नाही. गाईच्या पासपोर्टची गोष्ट मी विहारात जानरावले सांगतली. त्याच्या पोराचा पासपोर्ट दोन वर्षांपासून येऊन राहिला आहे. तो म्हणे मोतीरामभाऊ, माह्या पोराले गाय म्हणून पाठवता येते का ते इचारा. सगळे हासले. तू गेल्यापासून विहारात माझ्याजवळ लोक येऊन बसतात, तुझी खबर विचारतात. पहिले कोणी बसत नसे असं नाही, पण आता जागा करून देतात.

नांगराचा खेळ वाचून मले पहिले खोटं वाटलं. मंग मी विचार केला. ज्याच्या घरी नांगर धराले दुसरा माणूस आहे त्यालेच त्याचा खेळ सुचते. आमाले कोणी कप दिला असता त त्यात पाणी पेऊन पुढचं तास धरलं असतं. तरी सांग, पंच बैलाच्या, म्हणजे घोड्याच्या, मानेवर हात फिरवून पाहते का? तास सरळ आलं आन् जनावराची मान सोलली त त्या तासाले काय अर्थ आहे? आन् ओल किती होती? आपल्या काळ्या मातीत सकाळी ओल असली की फाळाले माती धरते, ऊन वर आलं की सुटते. तिकडे ऊनच नाही म्हणतो त माती सुटते कशी? हे सगळं लिह्य. मले काही काम नाही, वाचत बसतो.

एक सांगतो, ते मनावर घे. तू पाहाले जाय, चहा पे, पण हात लावू नको. भगवंतरावाच्या वावरात मी एकतीस वर्षं सालदार होतो. पाडव्याले साल लागे आन् पाडव्याले संपे. तू झाला त्या दिवशी मी तुझ्या आईले सांगतलं होतं की याच्या हाती नांगराचं रुमणं जाणार नाही. पोळ्याच्या दिवशीही मी तुझ्या हाती बैलाचा दोर दिला नाही, तू रडला होता. बाकी बापानं तुले काय दिलं असं कोणी विचारलं त माझ्याजवळ दाखवाले हे एकच आहे.

तुझी आई तब्येतीले जप म्हणते. माया असू देशील.

तुझा बाप,
मोतीराम


बॅलीडरीन
२३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय बाबा व आई यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

उशिरा लिहितो आहे, रागावू नका. जानेवारीपासून गाई वितात आणि त्या दिवस पाहत नाहीत. आमच्याकडे एकशे चाळीस गाई आहेत. म्हणजे कागदावर त्या सगळ्यांची नोंद माझ्याकडेच असते, म्हणून वेळ मिळाला नाही. सकाळी साडेसातला उजाडतं, सहाला मावळतं. मधल्या वेळात गारा.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं आधी देतो. होय, पंच घोड्याच्या मानेवर हात फिरवून पाहतात. मी मुद्दाम लक्ष ठेवून पाहिलं, तुम्ही विचारलं होतं म्हणून. ओल भरपूर असते, पण माती तांबूस आणि हलकी, फाळाला धरत नाही. मात्र दगड फार निघतात.

हे मला इतकं बारकाईनं कसं माहीत, ते आता सांगतो. बाबा, रागावू नका. गेल्या रविवारी शेजारच्या गावात नांगरणीचा सामना होता आणि मी त्यात उतरलो. डोलन साहेब दरवर्षी त्यांच्या दोन घोड्या घेऊन उतरतात. यंदा त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं, तर ते म्हणाले या वर्षी तू धर. मला नाही म्हणता आलं नाही. आणि हा नुसता खेळ आहे. इथले डॉक्टर, मास्तर, पाद्री, सगळे खेळतात. तुम्ही ज्याला नांगर म्हणता तो हा नव्हे.

पण खोटं कशाला सांगू, पहिलं तास धरलं तेव्हा मला तुम्हीच आठवलात. मग तुम्ही चालायचात तसं चाललो, नजर लांब ठेवून. तुम्ही मला कधी शिकवलं नाही, पण बांधावर बसून मी पाहत तर होतो. बावीस जणांत दुसरा नंबर आला. पंचांनी माझ्या तासात हात घातला, वर पाहिलं आणि विचारलं की कुठे शिकलास. मी म्हणालो माझे वडील. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की घरी येऊन रडलो. इथं आल्यापासून तेवढा एकच दिवस माझा होता.

सोबत दोन फोटो पाठवतो आहे. एकात मी नांगर धरलेला. दुसरा बक्षिसाचा. त्यात कप साहेबांच्या हातात आहे, कारण घोड्या ज्याच्या, त्याच्या नावानं नंबर लागतो, इथली तशी पद्धत आहे. मी घोड्यांजवळ उभा आहे.

ताईला फोटो दाखवा. लोभ जसा आहे तसाच राहू द्या.

तुमचा,
धर्मेंद्र


जुने शहर, अकोला
२३ मार्च २०२५

चि. धर्मेंद्र यास,
ताईचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

फोन केला की तू हसण्यावारी नेतोस, म्हणून कागदावर लिहिते. कागद काही मधेच कापता येत नाही.

तुला काही अक्कल आहे की नाही? बाबांनी हात लावू नको म्हणून लिहिलं आणि तू नांगर धरल्याचा फोटो त्यांनाच पाठवतोस? आईनं सांगितलं ते असं. पत्र आलं तेव्हा बाबा ओट्यावर होते. पत्र वाचलं, फोटो पाहिले, आणि तसेच बसून राहिले. आईनं जेवायला बोलावलं तर उठले नाहीत. संध्याकाळी तिनं पुन्हा विचारलं की पोराचं बरं आहे ना, तर मान हलवली. तेव्हापासून घरात त्यांचं बोलणं नाही. मागच्या रविवारी मी अकोटवरून जाणारी बस पकडून गेले. ताटात अर्धी भाकर तशीच. बाबा पाठमोरे बसलेले. किती वाळले आहेत ते तुला फोनच्या चौकोनात दिसत नाही.

ओट्यावरचा फोटो शेजाऱ्यांनी पाहिला होता, मग गावात चर्चा व्हायची ती झालीच. आपला चुलतभाऊ पिंटू पानठेल्यावर म्हणाला म्हणे की पोरगा साहेब झाला म्हणून सांगत होते, तिकडे जाऊन नांगर हाकून राहिला. ते बाबांच्या कानापर्यंत कसं पोचलं कोण जाणे. बहिऱ्या माणसाला नेमकं हेच ऐकू येतं.

आणि आता जे घडलं ते ऐक. त्याच रविवारी विहारात वंदना झाली आणि बाबा उठून उभे राहिले. आपले बाबा, जे आयुष्यात कधी चार लोकांसमोर बोलले नाहीत. खिशातून फोटो काढला, सगळ्यांच्या हातात फिरवला आणि अर्धा तास बोलले. हा तिकडचा खेळ आहे म्हणाले, डॉक्टर आणि मास्तर खेळतात, पेपरात नाव येतं, बावीस गोऱ्यांत माझा पोरगा दुसरा आला. पंच तासात हात घालतात, तेही करून दाखवलं. पिंटू खाली मान घालून बसला होता. भीमजयंतीच्या कार्यक्रमात तुझा सत्कार ठेवायचा, तू नाहीस तर बाबांनी शाल घ्यायची, असंही ठरलं आहे. बाबा हो म्हणाले.

मला वाटलं राग गेला. पण घरी आलो, चप्पल काढली आणि पुन्हा तेच. फोटो टेबलावर पालथा ठेवला. बाहेर एवढं कौतुक आणि घरात ही कळा, मला काही उमजत नाही. तू दोन फोटो लिहिले होतेस ना? मी एकच पाहिला. दुसरा कुठे आहे विचारलं तर बाबा म्हणाले आलाच नाही.

तू त्यांना लिही. माफी मागायची असेल तर माग. आईची काळजी मी करते, पण बाबांचं मला झेपत नाही. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
ज्योत्स्नाताई


बॅलीडरीन
६ एप्रिल २०२५

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून माझ्या हातून काही नीट होत नाही. हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे. वाचून फाडून टाक.

मी असिस्टंट मॅनेजर नाही. ज्या दुधाच्या कंपनीनं मला बोलावलं होतं तिनं दीड वर्षापूर्वी आमचा विभाग बंद केला. परत यायला हवं होतं. पण बाबांना विहारात लोक जागा करून देतात, हे आईनं त्याच आठवड्यात फोनवर सांगितलं होतं. मग डोलन यांच्याकडे लागलो. कामगार म्हणून. पहाटे पाचला गाई यंत्राला लावतो, शेण ओढतो, वासरांना पाजतो, कुंपण दुरुस्त करतो. गोठ्याच्या मागे एक खोली आहे, तिथं राहतो. माणूस वाईट नाही. ओरडत नाही, जेवायला देतो, वाढदिवसाला मोजेसुद्धा दिले. पण मी त्याचा आहे. माझा परवाना त्याच्या नावाशी बांधलेला, एका वर्षाचा. एक जूनला साल भरतं आणि पुन्हा सही करायची असते. कृषी विद्यापीठाची पदवी घेऊन मी सालदार झालो, ताई. हा शब्द मी दीड वर्ष मनातसुद्धा येऊ दिला नव्हता.

घोड्या त्याच्या. सामन्यासाठी त्यांना तयार करायचं काम माझं होतं, म्हणून नोव्हेंबरपासून रोज नांगर धरत होतो. खेळ त्याचा, माझी नोकरी. पण ताई, त्या दिवशी नंबर आला तेव्हा मला खरंच वाटलं की हे माझं आहे, आणि हे एकच असं आहे की जे बाबांना कळेल. माझ्या आयुष्यातलं दुसरं काहीच त्यांना कळण्यासारखं नव्हतं. म्हणून पाठवलं. त्यांचं मन मोडेल हे कळत होतं, तरी पाठवलं.

त्यांना सांगू नको. शाल घेऊ दे. दुसरा फोटो पोस्टात गहाळ झाला असेल, त्यात काही विशेष नव्हतं.

लोभ आहे म्हणून एवढं लिहिता आलं. तो राहू दे.

तुझा,
धर्मेंद्र


अंजनगाव सुर्जी
४ मे २०२५

चि. धर्मेंद्र यास बापाचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

ज्योत्स्नानं मले काही सांगतलं नाही. तिच्यावर रागावू नको. ती आली, माझ्या तोंडाकडे पाहत बसली, आन् चालली गेली. तवा समजलं की तिलेही आता माहीत आहे. मले त फोटो आला त्याच दिवशी माहीत झालं.

नांगराचा फोटो पाहून मले राग आला नाही. तास सरळ होतं. चांगलं होतं. मी तुले शिकवलं नव्हतं तरी तू शिकला, त्याचं मले आत कुठंतरी बरं वाटलं आन् बरं वाटल्याची लाज वाटली. पण दुसरा फोटो मी कोणाले दाखवला नाही. तो माझ्या पेटीत आहे. त्यात तो माणूस कप घेऊन मधात उभा आहे. आन् तू त्याच्या डाव्या बाजूले, एक पाऊल मागे, टोपी हातात घेऊन. सगळे कॅमेऱ्याकडे पाहून राहिले, तू त्याच्या बुटाकडे पाहून राहिला. धर्मेंद्र, खेळणारा माणूस असा उभा राहत नाही. मॅनेजर असा उभा राहत नाही. भगवंतरावाच्या घरी लग्न होतं, तवा फोटो काढले होते. त्यात मी असाच उभा आहे. पाऊल तेवढंच मागे. ते कोणी शिकवत नाही, सालात दोन-चार महिन्यांत पायाले आपोआप समजते. मी तुले रुमणं दिलं नाही, पण ते उभं राहणं तुझ्या अंगात कुठून आलं ते मले समजत नाही.

विहारात मी बोललो ते खोटं बोललो. बुद्धाच्या मूर्तीसमोर उभं राहून. शालही घेतली. लोकायले तेवढंच माहीत राहू दे, त्यात त्यायचं काही जात नाही.

आता तुले एक गोष्ट सांगतो, जी तुझ्या आईलेही माहीत नाही. सालदाराचं साल पाडव्याले संपते. त्या दिवशी सकाळी मालकाचं बोलावणं येते. गेलं, पान-सुपारी घेतली, नवं धोतर घेतलं, की आणखी एक साल. नाही गेलं त सुटला. तू आठवीत होता त्या पाडव्याले मी ठरवलं होतं की जायचं नाही. तुझा मामा अमरावतीले बोलावत होता, कॉटन मार्केटात हमालीचं काम होतं. तिथं रोजचं काम रोज संपते. तुझी आईही तयार होती. बोलावणं आलं. मी गेलो नाही. घरात बसलो दुपारपर्यंत. दुपारी मले भेव वाटाले लागलं. उद्या सकाळी मले कोणी हाक मारणार नाही, मंग मी उठून करू काय, असं भेव. आन् मी उठलो, तोंड धुतलं, गेलो. पान घेतलं.

घरी येऊन सांगतलं की पोराइची शाळा आहे, गाव सोडता येत नाही. सगळ्यायले ते पटलं. तूही तिकडे जाताना विहारातल्या भाषणात म्हणत होता की बापानं माझ्यासाठी एकतीस वर्षं काढली. ते खरं नाही. मी भ्यालो होतो. तुझं नाव मी नंतर जोडलं.

म्हणून तू माझं नाव जोडू नको. बाबाची इज्जत जाईन, बाबाले विहारात जागा देतात, असं काही मनात असन त काढून टाक. मी दाराजवळ बसीन, मले तिथूनही दिसते. तुझं साल कधी संपते ते मले माहीत नाही. संपलं की जाऊ नको. सही करू नको. घरी ये. गावाले काय सांगाचं ते मी पाहतो, मले आता खोटं बोलता येते.

तुझी आई वाट पाहते. मीही पाहतो.

तुझा बाप,
मोतीराम


बॅलीडरीन
८ जून २०२५

आदरणीय बाबा,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र २८ मे रोजी मिळालं. वेळेत मिळालं. पोस्टाला दोष देता आला असता तर बरं झालं असतं.

ते मी गोठ्यात उभ्याउभ्या वाचलं. मग खोलीत येऊन बॅग काढली, कपडे भरले. तीन दिवस बॅग भरलेली होती. एक तारखेला सकाळी डोलन यांनी स्वयंपाकघरात बोलावलं. टेबलावर कागद होता, बाजूला चहा. मी जाणार नव्हतो. खोलीत बसून राहिलो. त्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली नाही, मीच आपला उठून गेलो. सही केली. पुढच्या जूनपर्यंत.

तुमचं नाव जोडत नाही, बाबा. आईचंही नाही. अकोल्याच्या स्टँडवर उतरलो तर कोणत्या बाजूनं चालायला लागायचं, हे मला सुचेना. भ्यालो, एवढंच.

आता तुम्हाला खोटं लिहायचं कारण राहिलं नाही, त्याचं मात्र बरं वाटतं. पहाटे पाचला उठतो. यंत्र धुवायला औषधाचं पाणी असतं, त्यानं दोन्ही हातांना भेगा पडल्या आहेत. अंगठ्याच्या मुळाशी तर रक्त येतं, दोर धरता येत नाही. इथलं मलम लावून पाहिलं, टिकत नाही. तुम्ही काय लावत होता ते मी कधी विचारलं नव्हतं. कळवाल का?

आईला यातलं किती सांगायचं ते तुम्ही ठरवा. लोभ कमी झाला असला तरी तोडू नये.

तुमचा,
धर्मेंद्र


अंजनगाव सुर्जी
२ जुलै २०२५

चि. धर्मेंद्र यास अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

पत्र पोचले. लोभ कमी झाला नाही.

तुले हे सांगाचं काम पडू नये म्हणून मी जलमभर जपलो. आता विचारलं त सांगतो. मेण घे, पिवळं, मधाच्या पोळ्याचं. तेवढंच जवसाचं तेल. मंद आचेवर एकत्र कर, थंड होऊ दे. झोपाच्या आधी हात कोमट पाण्यानं धू, पुसून कोरडे कर, मंग भेगांत दाबून भर. वरून जुन्या सुती धोतराची पट्टी बांध, सकाळी सोड. पहिले दोन दिवस झोंबते, तिसऱ्या दिवशी रुमणं धरता येते.

तिकडे जवसाचं तेल भेटत नसन म्हणून ज्योत्स्नाच्या हातानं पोस्टानं एक डबी पाठवून राहिलो आहे. तुझ्या आईनं कढवलं. कोणासाठी ते तिनं विचारलं नाही. धोतराची पट्टी माझ्याच धोतराची आहे, धुतलेली आहे. संपलं की लिह्य.

तुझा बाप,
मोतीराम